बांधावरल्या ज्वारीचं बी

ऑफिसच्या कागदाला कुणाच्या घरात कोण मेलं, कोण जगलं, याचं काही सोयरसुतक नसतं. त्याला रकाने भरून हवे असतात, बस्स. गतवर्षीची उद्दिष्टे, पूर्तता, अपूर्ण असल्यास कारणे, आगामी वर्षाची उद्दिष्टे. चार रकाने आणि खाली सहीला जागा. नेकनूरच्या शिवारातल्या त्या ज्वारी संशोधन केंद्रात दर डिसेंबरात हा कागद टेबलाटेबलांवरून फिरायचा. जुनी माणसं तो चहा गार व्हायच्या आत उरकायची. मागच्या साली काय लिहिलं होतं ते बघायचं, साल बदलायचं आणि सही ठोकायची.

राजश्री मात्र जुनी नव्हती. तिला नोकरीला लागून जेमतेम अकरा महिने झाले होते. परभणीला पीएचडी केलेली, एकोणतीस वर्षांची, नावाखाली 'कनिष्ठ शास्त्रज्ञ' आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात 'कंत्राटी'. पाटोद्याकडच्या वाडीतली पोर. घरातली सगळीच माणसं शेतात राबलेली, पण पगार घेऊन शेतात उतरणारी ही पहिलीच. उद्दिष्टं पुरी झाली तर कंत्राट पुढं, नाही झाली तर राम राम. म्हणून ती तो कागद पोथी वाचावी तसा वाचायची. वेडी कुठली!

आणि या वर्षी त्या कागदात तिनं नुसतं काम लिहिलं नव्हतं. आई लिहिली होती.

तिची आई बायनाबाई आषाढात गेली. पोटाचं दुखणं, दीड वर्ष अंथरुणाला खिळून. या बायनाबाईचा एक नाद होता. नवऱ्यानं रानात काय पेरायचं ते पेरावं, वरच्या बांधाच्या कडेचे दोन तास, म्हणजे दोन ओळी, तिचे. तिथं हात लावायचा नाही. त्यात ती माहेराहून आणलेली ज्वारी लावायची. भाकरीसाठी नाही हं, हुरड्यासाठी. तिला नाव नव्हतं, घरात सगळे 'बांधावरली' म्हणायचे. कणीस बुटकं, मानेत वाकडं, बोंडं काळपट. बाजारात कुणी फुकट घेतली नसती. पण दाणा कोवळा असताना आगटीत भाजून चोळला की असा गोड लागायचा की जवळचा गूळ तसाच राहायचा. गिळून झाल्यावरही जिभेवर सायीचा वास रेंगाळायचा. पौषात पाहुणे वाट वाकडी करून यायचे ते तिच्या नवऱ्याच्या, अर्जुनरावांच्या, तोंडाकडं बघून नव्हे, या हुरड्यासाठी.

दुखण्याच्या दोन सालांत ते तास रिकामे राहिले. तेराव्यानंतर माळ्यावर गाडगं सापडलं. बायनाबाईनं राखेत बी घालून वर फडकं बांधलं होतं, पण राख ओलावली आणि आत सोंडे माजले. राजश्रीनं परातीत राख चाळली. मूठमूठ भुसा निघाला. दिवसभर उन्हात बसून तिनं दाणा दाणा निवडला. किडक्यात न गेलेले एकशेअडतीस भरले.

मामाच्या गावाला तिनं फोन केले, एकाला नाही, अकरा जणांना. "ती व्हय? ती कवाच बंद झाली की. आता कोन लावतंय?" सगळीकडून हेच. म्हणजे बायनाबाईची ज्वारी या जगात एवढीच उरली होती, एका वाटीत.

अर्जुनराव, म्हणजे राजश्रीचे नाना, बायको गेल्यापासून गप्पच झाले होते. विचारलं तर हूं, नाहीतर तेही नाही. त्यांनी वाटीत डोकावून बघितलं आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा सलग बोलले. "ह्ये तुज्या हापिसात न्ये, राजू. म्या पेरलं तर पाखरं खातील, न्हाईतर पाऊस दगा देईल. तुमच्याकडं शास्त्र हाय. तुज्या मायचं येवढंच राह्यलंय."

ती वाटी घेऊन ती नेकनूरला आली. सप्टेंबरात उद्दिष्टं सुधारून द्यायची असतात. तिनं पहिल्या रकान्यात लिहिलं: स्थानिक हुरडा वाण, नमुना क्रमांक सतरा, बीजवाढ व अभ्यास. केंद्रप्रमुख विजयसिंह सरांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं.

"चांगलंय. पण तीन जागी लावा. दोन जागी लावलेल्याला प्रयोग म्हणत नाहीत. आढावा समितीतले लोक हसतील तुम्हाला."

आता इथं बघा, माणूस कुठं घसरतो ते. वीस दाणे तिनं पाकिटात बाजूला काढून ठेवले होते. पाकिटावर पेन्सिलीनं 'आई' लिहिलं होतं. बी राखल्याशिवाय पेरू नये, हे तिला पुस्तकानं शिकवलं होतं, त्याच्याआधी आईनं शिकवलं होतं. पण तिसऱ्या जागेला दाणे कमी पडत होते. बी जुनं, निम्मं उगवलं तरी नशीब. वीस दाण्यांचा तिसरा तुकडा पुरा झाला की प्रयोग पुरा, उद्दिष्ट पुरं, कंत्राट पुरं. फेब्रुवारीत पायलीभर बी हातात येणारच आहे, तेव्हा हवं तेवढं राखू. तिनं पाकीट उपडं केलं आणि पेरणीच्या थाळीत झटकलं. एवढी शिकलेली पोर आणि असलं करून बसली!

त्याच संध्याकाळी नानांचा फोन आला. "पेरली का? आन् बी राखलंस का थोडं?"

"राखलंय नाना. थंड कपाटात ठेवलंय. पन्नास वर्षं काही होत नाही त्याला." खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. बाप बायकोविना एकटा भाकरी थापतोय आणि बी राखलंय का विचारतोय, त्याला काय सांगणार? जिभेवर आलं ते बोलून गेली. पलीकडून नाना बऱ्याच महिन्यांनी हसले. "पन्नास वर्षं! तुजी माय ऐकायला पाह्यजे हुती."

एकशेअडतिसातले सत्तावन्न उगवले. त्यातले काही पोंगे खोडमाशीनं मारले. एक्केचाळीस ताटं तेवढी उभी राहिली. राजश्रीनं ती डोळ्यांत तेल घालून राखली. ज्वारी पोटरीत आली तेव्हा ती सकाळी सातला हजर, निसवली तेव्हा साडेसहाला. दुसऱ्या ज्वारीचा पराग लागू नये म्हणून एक्केचाळीस कणसांवर तिनं स्वतःच्या हातानं कागदी पिशव्या चढवल्या. केंद्रातला शेतमजूर अजिनाथ, पन्नाशीचा, मायाळू माणूस, बांधावर बसून बघायचा.

"ताई, पाखरांसाठी का ह्या टोप्या?"

"पाखरांसाठी पण," ती म्हणाली. घाईत होती. नीट समजावून सांगायला पाच मिनिटं लागली असती, ती तिनं दिली नाहीत.

दाणा भरला. पिशवीचं तोंड उघडून तिनं एका कणसाचा वास घेतला आणि तिथंच बांधावर बसून रडली. चांगलं रडली, मन हलकं होईपर्यंत. मग उठून वहीत नोंद केली.

डिसेंबरच्या चोवीस तारखेला आढावा समिती येणार होती. चार माणसं, वर एक अध्यक्ष बाई, पुण्याहून. या दिवसांत आपल्याकडं आलेला माणूस हुरडा न खाता गेला तर त्याच्यासारखी नामुष्की नाही, मग तो शास्त्रज्ञ असो की जावई. विजयसिंह सरांनी नेकनूरच्या एकाला हुरड्याची कणसं सांगून ठेवली. राजश्रीनं नानांना बोलावून घेतलं. अर्जुनरावांसारखी आगटी पाटोदा तालुक्यात कुणाला साधायची नाही. गोवरीचा विस्तव कधी फुलवायचा, कणीस किती खोल खुपसायचं, सगळं त्यांच्या बोटांत होतं. लेकीच्या ऑफिसात आपलं काम आहे म्हटल्यावर ते पहिल्या एसटीनं निघाले. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी, पिशवीत दाण्याची चटणी आणि गुळाची ढेप.

राजश्री दहाला सभागृहात गेली ती एकला बाहेर आली. फोन बंद. पडद्यावर तिनं उगवण दाखवली, पिशव्या चढवलेली कणसं दाखवली. अध्यक्ष बाईंनी दोन प्रश्न विचारले, तिनं न अडखळता उत्तरं दिली. बाहेर आली तेव्हा पाय जमिनीवर नव्हते.

लिंबाखाली आगटी धगधगत होती. सतरंज्या, पत्रावळी, दही, चटणी. अर्जुनराव धोतराचा काचा मारून विस्तवापुढं बसले होते. कणीस बाहेर काढत होते, गरम गरम तळव्यात चोळत होते, फुंकर मारून पत्रावळीवर टाकत होते. तोंडावर असं हसू की तिला वाटलं, चला, नाना माणसांत आले.

"वा!" समितीतला एक जण म्हणाला. "काय गोड आहे हो! आम्ही इतक्या ठिकाणी हुरडा खाल्ला, पण असा नाही."

"खावा सायेब, पोटभर खावा," अर्जुनराव म्हणाले. "आमच्या घरचा हाय."

राजश्रीला कळलं नाही. घरचा म्हणजे? तिला वाटलं, बोलायची पद्धत. त्यांनी तिच्या ओंजळीत मूठभर दाणे टाकले, "घे, खा," म्हणाले. तिनं तोंडात टाकले. चावले. गिळले.

आणि सायीचा वास आला.

तिनं आगटीकडं बघितलं. राखेत काळपट बोंडं पडली होती, बुटक्या, वाकड्या मानेच्या कणसांची. अध्यक्ष बाई काहीतरी बोलत होत्या. हाच का तुमचा सतरा नंबर? अहो, मग आता प्लॉट बघायला कशाला जायचं, पोटातच बघितला! सगळे हसले. बाईंनी तिथंच, मांडीवर फाईल ठेवून शेरा लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला: "अत्यंत आश्वासक वाण. पुढील वर्षी पन्नास शेतकऱ्यांना बी द्यावे. कंत्राट वाढवण्याची शिफारस." विजयसिंह सरांनी टाळी वाजवली. नानांनी भाजलेले हात धोतराला पुसून बाईंना नमस्कार केला.

राजश्री चालत गेली. पळाली नाही, लोक बघत होते. प्लॉटपाशी पोचली तर तिथं काही नव्हतं. तिन्ही जागा मोकळ्या. खुरपून काढल्यासारखी माती, एक धसकट नाही. कडेला एक्केचाळीस कागदी पिशव्या घडी घालून एकावर एक रचलेल्या आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड.

पाठोपाठ अर्जुनराव आले. त्यांना वाटलं, लेक खुशीत आपलं काम बघायला आली.

"त्या नेकनूरवाल्यानं ऐन टायमाला टांग दिली बग," ते सांगू लागले. "अजिनाथाचं त्वांड येवढुसं झालं. त्यो तुला फोन लावत हुता, तुजा बंद. म्या म्हनलं, रानात येवढी ज्वारी हाय आन् पाव्हने उपाशी जाणार? हिंडत हिंडत हितं आलो, टोपी उचलून बगितली तर... राजू, वळखलीच म्या. आपली बांधावरली! म्या अजिनाथाला इचारलं, कुनाची? त्यो म्हनला, ताईंचीच हाय, टोप्या पाखरांसाठी. म्या म्हनलं, मग काय! बी तर पोरीनं कपाटात राखलंय."

"पण नाना, मुळासकट..."

"मग! मुंडकी छाटलेली ताटं पाव्हन्यांना दिसली तर बरं दिसतंय का? शाळू आपुन उपटतोच की. सा कणसं चिकात हुती अजून, ती ताटांसंगं बैलांपुढं टाकली. रान कसं साफ केलं बग." त्यांनी रानाकडं हात केला, आणि लेकीकडं बघितलं, शाबासकी मागणाऱ्या पोरासारखं.

कापली असती तर धसकटाला फुटवा आला असता. पाणी देऊन, जीव लावून फुटव्यावर चार कणसं धरता आली असती. पण मराठवाड्यातला शेतकरी शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, कापत नाही, उपटतो. पिढ्यान्पिढ्या उपटत आलाय, दोन हातांनी, कमरेत वाकून. नानांनी ते मन लावून केलं होतं.

तिला ओरडायचं होतं. पण तिच्यासमोर जो माणूस उभा होता त्याच्या टोपीवर राख पडली होती आणि तो कितीतरी महिन्यांनी बोलत होता. तिच्याच शब्दावर विसंबून त्यानं हे केलं होतं. "लई बेस केलंत नाना," ती म्हणाली. पाचच्या गाडीला बसवून आली. खिडकीतून त्यांनी हात हलवला.

मग तिनं अजिनाथला खरं सांगितलं. "ताई, मी काय मेलो हुतो का? कावून सांगितलं न्हाई तुमी मला!" तो काही चुकीचं बोलत नव्हता. दोघांनी उजेड होता तोवर आगटी चाळली, सतरंज्या झटकल्या, बैलांची गव्हाण हातानं चाचपली. न भाजलेले नऊ दाणे मिळाले. हिरवट, मऊ, नखानं दाबले तर चिक सुटेल असे.

नऊ दाणे तिनं चार दिवस सावलीत सुकवले. मग काचेच्या बशीत ओल्या टिपकागदावर मांडले. कोवळ्या दाण्यातही कधी कधी जीव असतो, उगवतो, तिनं वाचलं होतं. शंभरात दोन-चार. तिला एक हवा होता, एक! एका दाण्याचं एक ताट, एका ताटाचं एक कणीस, कणसात हजार दाणे. पन्नास शेतकऱ्यांना देता आले नसते, पण आईच्या बांधाला पुरले असते. दर तासाला ती झाकण न उघडता वरून बघायची. अजिनाथ दारातून विचारायचा, "ताई?" ती मान हलवायची. तिसऱ्या दिवशी दोन दाणे फुगले. अजिनाथ देवाला नारळ बोलला. त्या दिवशी ती नीट जेवली.

एकतीस तारखेला सकाळी बशीत पांढरी बुरशी होती. नऊच्या नऊ दाण्यांवर, कापसासारखी. फुगलेले दोन आधी कुजले होते.

तिनं बशी झाकली आणि टेबलावरचा कागद ओढला. आज द्यायचाच होता. आगामी वर्षाची उद्दिष्टे. समितीनं तिच्यासाठी पहिलं उद्दिष्ट ठरवूनच दिलं होतं: नमुना क्रमांक सतरा, पन्नास शेतकरी. त्यावरच कंत्राट.

विजयसिंह सर माणूस वाईट नव्हता. सगळं ऐकून घेतलं, हळहळला. मग दार लोटून म्हणाला, "हे बघा, लिहून टाका. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी. हुरड्याची दुसरी एखादी गोड ज्वारी आणू, सतरा नंबर देऊ. पुण्याच्या बाईला काय कळणार आहे? तुमची नोकरी राहील, माझा अहवाल राहील."

"सर, ती माझ्या आईची होती," राजश्री म्हणाली.

"म्हणून तर म्हणतो. आई काय परत येणार आहे का?"

तिनं कागद त्यांच्या टेबलावरच भरला. अपूर्ण असल्यास कारणे: "वाण नष्ट. बियाणे राखून ठेवले नाही. जबाबदारी माझी." आगामी वर्षाची उद्दिष्टे या रकान्यात तिनं आडवी रेघ मारली. सरांनी वाचून मान हलवली, म्हणाले, "अवघड करून घेतलंत तुम्ही." तिनं सही केली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मांजरसुंब्याला येऊन पाटोद्याची एसटी धरली. कंत्राट गेल्यात जमा होतं. त्याचं तिला त्या घटकेला खरोखर काही वाटत नव्हतं. नानांना कसं सांगायचं, याच्यानंच जीव टांगणीला लागला होता.

अर्जुनराव वरच्या बांधाला होते. दोन तासांची जागा आखून कुदळीनं हराळी खणून काढत होते. मुळ्यांचा ढीग पडला होता, अंगातली बंडी घामानं भिजली होती.

"आलीस? बरं झालं." ते कुदळीवर रेलले. "आत्तापसून खणलं तर पेरणीपतुर रान मोकळं व्हतंय. हराळी लई चिवट. म्या म्हनलं, औंदा तुज्या हापिसातनं मूठभर बी आनू आन् तुज्या मायच्या जागी लावू. देतील का न्हाई तुजे सायेब? न्हाईतर मी इचारू का, वळख झालीय आता."

"नाना," ती म्हणाली. "कपाटात बी न्हाई."

"कंच्या कपाटात?"

"थंड कपाटात. मी राखलंच नव्हतं. वीस दाणे काढले होते, तेबी पेरले. तुम्हाला खोटं सांगितलं फोनवर."

त्यांनी कुदळ सोडली नाही. तिच्या तोंडाकडं बघत राहिले, कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखे. "मग त्या दिशी जी हुती..."

"तेवढीच होती."

"तेवढीच."

"हो नाना."

ते बांधावर बसले. खाली नीट बघून, जागा चाचपून बसले. तिला वाटलं होतं, चिडतील, शिव्या देतील, दोन थोबाडीत ठेवून देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते दोन्ही तळवे पुढं धरून बघत होते. आठवड्यापूर्वीच्या विस्तवाचे फोड अजून वाळत होते.

"म्या उपटली," ते म्हणाले.

"नाही नाना, चूक माझी. मी तसं लिहून दिलंय ऑफिसात."

"लिवलं आसशील. पर म्या उपटली, राजू. मुळासकट. येक येक."

ती त्यांच्याजवळ बसली. माणूस अशा वेळी काहीतरी बरं शोधतो, तसं तिनं शोधलं. "सगळ्यांना लई आवडली, नाना. समितीतले साहेब म्हणाले, असा हुरडा कुठं खाल्ला नाही. आईची ज्वारी वाया गेली नाही, माणसांच्या तोंडात गेली. तुम्ही भाजलेली. मीबी मूठभर खाल्ली, आईच्या हातचीच चव होती." आणि मग सहज, त्यांना बोलतं ठेवावं म्हणून तिनं विचारलं, "तुम्हाला तशीच लागली ना?"

अर्जुनराव तळव्यावरचा फोड चाचपत राहिले.

"नाना? तुम्ही खाल्ली ना?"

"न्हाई," ते म्हणाले.

"एक दाणाबी?"

"पाव्हन्यांना पुरावी म्हनून. तेरा मानसं हुती. चोळताना हाताला चिकटल्याला दाणाबी पत्रावळीवर झटकत हुतो." ते आखलेल्या दोन तासांकडं बघत राहिले. "म्या म्हनलं, आपलीच हाय. पुढल्या साली हितं बसून खाऊ."